मुक्त व्यापार करार आणि कष्टकरी : मेक्सिकोच्या मक्याचा धडा

मका हे मूळचे मेक्सिको देशाचे पीक होय. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिओसिंते नावाच्या रानगवतातून निवड करीत करीत माणसाने मका तयार केला, असे शास्त्रज्ञ मानतात. आजही तेथील लहान शेतकरी एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके मिळून घेतो. आपल्याकडे ज्वारीत तूर पेरतात, त्यातलाच हा प्रकार. मक्याच्या पिठाची पातळ भाकरी हे तेथील गरीब-श्रीमंतांचे रोजचे अन्न आहे. असा हा देश अलीकडच्या वर्षांत दरसाल दीड कोटी टनांहून अधिक मका बाहेरून आणतो आणि तो बहुतेक सर्व शेजारच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून येतो, हे ऐकून कोणाही शेतकऱ्यास नवल वाटेल.

हा बदल ज्या कारणांनी घडून आला त्यांत १९९४ साली अमलात आलेला एक व्यापारी करार प्रमुख आहे. त्या कराराविषयी तीन देशांत तीस वर्षे वाद चालला. कोणी त्यास भरभराटीचा मार्ग म्हटले, तर कोणी त्यास शेतकरी व कामगार यांच्या गळ्याचा फास म्हटले. आपल्या देशानेही गेल्या काही वर्षांत अनेक देशांशी असे करार केले आहेत. गावात वर्तमानपत्र वाचले जाते, चावडीवर चर्चा होते, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास प्रश्न विचारला जातो, ‘या कराराने आमच्या मालाचे काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. परंतु उत्तर शोधावे कसे, हे मेक्सिकोच्या मक्याच्या उदाहरणावरून शिकता येते. तोच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करार म्हणजे काय?

परदेशातून माल येतो तेव्हा सरकार त्यावर आयात कर म्हणजे जकात घेते. या कराचे दोन उपयोग असतात. सरकारला उत्पन्न मिळते, आणि बाहेरचा माल महाग झाल्यामुळे देशातील उत्पादकास संरक्षण मिळते. दोन किंवा अधिक देशांनी एकमेकांच्या मालावरील हा कर ठरावीक मुदतीत कमी करण्याचे किंवा अजिबात काढून टाकण्याचे ठरविले, म्हणजे त्यास मुक्त व्यापार करार म्हणतात.

हा कर एका दिवसात काढला जातोच असे नाही. नाजूक मालासाठी दोन युक्त्या योजतात. पहिली म्हणजे मुदत. कर दरवर्षी थोडा थोडा उतरवीत न्यावयाचा. दुसरी म्हणजे कोटा. ठरावीक टनांपर्यंत माल बिनकराचा येऊ द्यावयाचा आणि त्यावरील मालास भारी कर लावावयाचा.

एक काल्पनिक हिशोब पाहू. समजा, परदेशी मका बंदरात क्विंटलला १,६०० रुपयांस पडतो आणि आपल्या शेतकऱ्याचा खर्च २,२०० रुपये येतो. त्यावर शेकडा २१५ कर असेल तर परदेशी मक्याची किंमत ५,०४० रुपये होईल, व तो कोणी घेणार नाही. कर शेकडा ५० वर आला की किंमत २,४०० होईल. म्हणजे आपला शेतकरी अजून तग धरील. कर शून्यावर आला की १,६०० रुपयांचा माल बाजारात येईल, आणि २,२०० रुपये खर्चाच्या मालास गिऱ्हाईक राहणार नाही. म्हणून कर किती वर्षांत उतरणार आणि त्या वर्षांत शेतकऱ्याचा खर्च कसा खाली आणणार, हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

तीन देशांतील राजकीय मतभेद

उत्तर अमेरिका मुक्त व्यापार करारावर, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नाफ्टा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करारावर, १७ डिसेंबर १९९२ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या प्रमुखांनी सह्या केल्या. १ जानेवारी १९९४ पासून तो अमलात आला. सह्या आणि अंमल यांच्यामधील वर्ष कडाक्याच्या वादाचे गेले.

अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो या अपक्ष उमेदवाराने या कराराविरुद्ध रान उठविले. मेक्सिकोत मजुरी स्वस्त असल्यामुळे कारखाने दक्षिणेकडे निघून जातील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना सुमारे १९ टक्के मते पडली. कामगार संघटनांचा महासंघही विरोधात होता. निवडून आलेले अध्यक्ष क्लिंटन यांनी मात्र कराराचा पुरस्कार केला. मेक्सिकोत अमेरिकन मालास गिऱ्हाईक वाढेल, त्यातून अमेरिकेत काम वाढेल, आणि मेक्सिकोत रोजगार निर्माण झाल्याने तेथून येणारे स्थलांतरितांचे लोंढे थांबतील, अशी पुरस्कर्त्यांची मांडणी होती. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी तेथील प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी करार संमत झाला. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, क्लिंटन यांच्या स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या १५६ सभासदांनी विरुद्ध मत दिले आणि केवळ १०२ जणांनी बाजूने दिले. करार तरला तो विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या १३२ मतांमुळे. म्हणजे हा मतभेद पक्षापक्षांतला नव्हता. तो पक्षांच्या आत होता. ज्याच्या मतदारसंघात कापडगिरण्या व मोटारींचे कारखाने होते तो एकीकडे, आणि ज्याच्या मतदारसंघातून मका व यंत्रे निर्यात होत होती तो दुसरीकडे, असा पुष्कळ ठिकाणी प्रकार होता.

कॅनडात हा वाद आधीच होऊन गेला होता. अमेरिकेशी खुला व्यापार करावा की नाही, या एका प्रश्नावर तेथे १९८८ ची निवडणूक लढविली गेली. तथापि कॅनडाने एक गोष्ट साधली. दूध, अंडी व कोंबड्या यांची तेथील उत्पादन-नियंत्रणाची पद्धत त्याने करारातून बाहेर ठेवली. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा वळू.

मेक्सिकोत तेव्हा एकाच पक्षाची सत्ता दीर्घकाळ चालत आलेली होती. तेथील कायदेमंडळात वाद फारसा झाला नाही. परंतु जो वाद सभागृहात झाला नाही तो रानात झाला. करार अमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १९९४ रोजी, चियापास या दक्षिणेकडील गरीब प्रांतात तेथील मूळ रहिवासी शेतकऱ्यांच्या झापाटिस्टा संघटनेने सशस्त्र उठाव करून सान क्रिस्तोबाल हे शहर काही काळ ताब्यात घेतले. गावाच्या सामाईक जमिनींना असलेले घटनेतील संरक्षण १९९२ साली सैल करण्यात आले होते, आणि आता मक्याचा बाजारही खुला होत होता. या दोन्ही गोष्टींनी आपण जमिनीवरून उठू, हे भय त्यामागे होते.

मक्याचे काय झाले?

करार करतेवेळी दोन देशांच्या शेतीत किती अंतर होते हे आधी पाहावे. अमेरिकेत मक्याचे उत्पन्न साधारण वर्षी हेक्टरी सात-आठ टन निघे. मेक्सिकोत सरासरी दोन-अडीच टन निघे. अमेरिकेतील शेतकऱ्यापाशी शेकडो हेक्टर जमीन, मोठी यंत्रे, आगगाडीने जोडलेली कोठारे आणि सरकारी अनुदान होते. मेक्सिकोतील पंचवीस ते तीस लाख मका उत्पादकांपैकी बहुतेकांपाशी पाच हेक्टरांहून कमी, पावसावर अवलंबून असलेली व पुष्कळ ठिकाणी डोंगरउताराची जमीन होती. ही कुस्ती बरोबरीची नव्हती, हे करार लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते.

म्हणूनच मक्यास सर्वांत लांब मुदत देण्यात आली. अमेरिकेतून पहिल्या वर्षी २५ लाख टन मका बिनकराचा यावा, हा कोटा दरवर्षी शेकडा तीन या प्रमाणात वाढावा, कोट्याबाहेरील मालावर आरंभी शेकडा २१५ कर असावा, आणि तो उतरत उतरत १ जानेवारी २००८ रोजी शून्य व्हावा, असे ठरले. या चौदा वर्षांत मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्याने पाणी, बियाणे व पतपुरवठा यांच्या आधारे उत्पन्न वाढवावे किंवा दुसऱ्या पिकाकडे वळावे, अशी अपेक्षा होती. कागदावर ही योजना वाजवी दिसते.

प्रत्यक्षात मात्र ती तशी पाळली गेली नाही. आयात कोट्याबाहेर गेली, तरी मेक्सिकोच्या सरकारने बहुतेक वर्षी कोट्यावरील कर वसूलच केला नाही. १९९४ च्या डिसेंबरात तेथील चलन कोसळले, महागाई वाढली, पुढे अवर्षण पडले. कोंबड्या, डुकरे व गुरे यांच्या खाद्यासाठी आणि पिठाच्या गिरण्यांसाठी स्वस्त मका हवा, असा उद्योगांचा आग्रह होता. १९९६ साली आयात ५० लाख टनांच्या पुढे गेली. चौदा वर्षांचे संरक्षण जे लिहिलेले होते ते पहिल्या दोन-तीन वर्षांतच निकामी झाले. हा निर्णय परक्या देशाने लादला नव्हता. तो मेक्सिकोच्या सरकारचा स्वतःचा होता, ही गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे.

त्याच काळात दुसरा आधारही निघून गेला. कोनासुपो नावाची सरकारी संस्था शेतकऱ्याकडून हमीभावाने मका घेत असे आणि शहरांत स्वस्त दराने पुरवीत असे. तिचे काम क्रमाक्रमाने आवरते घेऊन १९९९ मध्ये ती बंद करण्यात आली. तिच्या ऐवजी प्रोकाम्पो या योजनेने हेक्टरी रोख रक्कम देण्यास प्रारंभ झाला. रोख रक्कम मिळणे वाईट नव्हे. परंतु ती जमिनीच्या प्रमाणात असल्याने ज्याची जमीन अधिक त्याला पैसा अधिक मिळाला, आणि महागाईच्या मानाने तिची किंमत वर्षानुवर्षे घटत गेली. शिवाय रोख रकमेने विहीर होत नाही, कोठार होत नाही, की गावापर्यंत रस्ता होत नाही.

परिणाम असा झाला की, महागाई वजा जाता मेक्सिकोच्या शेतकऱ्यास मिळणारा मक्याचा भाव १९९० च्या आसपासच्या मानाने २००५ पर्यंत निम्म्याहून खाली आला. भाव उतरण्यास सर्वस्वी करारच कारण झाला असे म्हणता येणार नाही. जगाच्या बाजारातही त्या काळी धान्य स्वस्त होते, आणि अमेरिकेतील अनुदानांमुळे तेथील मका कित्येक वर्षे उत्पादनखर्चाहूनही कमी भावाने बाहेर विकला जात होता. पण जगाच्या बाजारातील ती मंदी थेट शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोहोचली ती मधला बांध काढून टाकल्यामुळे.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र एकांगी होईल. मेक्सिकोत मक्याचे एकूण उत्पादन घटले नाही. १९९३ साली ते सुमारे १ कोटी ८० लाख टन होते, ते २००८ साली सुमारे २ कोटी ४० लाख टन झाले. सिनालोआ प्रांतातील मोठ्या, बागायती शेतकऱ्यांनी सरकारी साहाय्य घेऊन भाकरीच्या पांढऱ्या मक्याचे उत्पादन पुष्कळ वाढविले. आयात होणारा मका मुख्यत्वे पिवळा, जनावरांच्या खाद्याचा आहे. म्हणजे पीक टिकले. परंतु ते पिकविणारा सर्वत्र टिकला असे नाही. पिकाचे आकडे पाहून शेतकऱ्याचे बरे चालले आहे असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

माणसे कोठे गेली?

कार्नेगी प्रतिष्ठान या अमेरिकन अभ्याससंस्थेने २००३ साली कराराच्या पहिल्या दहा वर्षांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार मेक्सिकोत शेतीवर काम करणाऱ्यांची संख्या १९९३ अखेर ८१ लाख होती, ती २००२ साली ६८ लाखांवर आली. म्हणजे १३ लाख माणसे शेतीतून बाहेर पडली. याच अवधीत कारखान्यांत वाढलेला रोजगार सुमारे ५ लाखांचा होता. उरलेल्यांनी शहरात फेरीचा धंदा केला, बांधकामावर मजुरी केली, अथवा उत्तरेची सीमा ओलांडली. अमेरिकेत राहणाऱ्या, मेक्सिकोत जन्मलेल्या लोकांची संख्या १९९० साली सुमारे ४३ लाख होती. २००० साली ती ९० लाखांच्या वर गेली. स्थलांतर थांबेल, हे कराराच्या पुरस्कर्त्यांचे भाकीत खोटे ठरले. एकट्या करारामुळे हे घडले नसले, तरी त्या काळात स्थलांतर वाढले एवढे निश्चित.

शहरातील गरिबास तरी स्वस्त भाकरी मिळाली काय? तसेही झाले नाही. भाकरीवरील सरकारी साहाय्य व भावनियंत्रण १९९९ च्या आरंभी संपले आणि भाकरीचे दर चढले. पिठाचा धंदा थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती असल्याने मक्याच्या उतरत्या भावाचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत पुरता पोहोचला नाही. पुढे २००७ च्या जानेवारीत, अमेरिकेत मक्यापासून इंधन करण्याचे प्रमाण वाढून जागतिक भाव चढले, तेव्हा भाकरीच्या महागाईविरुद्ध मेक्सिको शहरात हजारो लोकांनी मोर्चा काढला. परक्या धान्यावर अवलंबून राहणारा देश त्याच्या मंदीत आपला शेतकरी गमावतो आणि तेजीत आपला ग्राहक.

लाभ झाला तो कोणास?

लाभ झालाच नाही असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी, आणि अलीकडे स्ट्रॉबेरीसारखी फळे यांची मेक्सिकोची निर्यात फार वाढली. किडीच्या भीतीने मेक्सिकोच्या अ‍ॅव्होकॅडो फळास अमेरिकेने १९१४ पासून घातलेली बंदी १९९७ साली अंशतः उठली, आणि मिचोआकान प्रांतातील बागाईतदारांस सोन्याचे दिवस आले. ज्यांच्यापाशी पाणी, भांडवल, शीतगृह आणि व्यापाऱ्याशी संबंध होते, त्यांना खुल्या बाजाराने हात दिला.

परंतु बागाईतदाराचा लाभ मजुरापर्यंत आपोआप पोहोचत नाही. मार्च २०१५ मध्ये सान किंतीन या खोऱ्यातील हजारो शेतमजुरांनी काम बंद ठेवले. अमेरिकेच्या दुकानांत जाणारे टोमॅटो व स्ट्रॉबेरी हेच मजूर तोडीत असत. त्यांच्यापैकी बरेच जण दक्षिणेकडील गरीब प्रांतांतून आलेले, म्हणजे मक्याच्या मुलखातून निघालेले, होते. जादा मजुरी व नोकरीचे किमान हक्क एवढीच त्यांची मागणी होती.

अमेरिकेतील कामगारांची बाजूही थोडक्यात पाहू. तेथील एकूण अर्थव्यवस्थेवर या कराराचा परिणाम अल्प झाला, असा निष्कर्ष अमेरिकन कायदेमंडळाच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००३ साली काढला. उलट, इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या कामगारांच्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०११ साली असे मांडले की, मेक्सिकोशी वाढलेल्या तुटीमुळे २०१० पर्यंत सुमारे ६ लाख ८३ हजार कामे गेली. हे दोन निष्कर्ष परस्परविरुद्ध वाटतात, परंतु दोन्हींत सत्याचा अंश असू शकतो. देशाच्या सरासरीत जी झीज दिसत नाही ती एका गावात सर्वनाश ठरू शकते. हाकोब्यान आणि मॅक्लारेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखविले. ज्या धंद्यांशी मेक्सिकोच्या मालाची स्पर्धा होती त्यांतील कमी शिकलेल्या कामगारांची मजुरीवाढ खुंटली, इतकेच नव्हे, तर त्या धंद्यावर जगणाऱ्या गावांत खाणावळीत काम करणाऱ्यांच्या मजुरीवरही त्याचा परिणाम झाला. गिरणी बंद पडली की गिरणगावातील चहावाल्याचा धंदाही बसतो, हे मुंबईकरास निराळे सांगावयास नको.

मग सुधारणा काय झाली?

मूळ कराराला १९९३ साली कामगारांच्या हक्कांविषयी एक पूरक करार जोडण्यात आला होता, पण त्यास दात नव्हते. संघटना करण्याचा हक्क डावलला तर केवळ सल्लामसलत होई, दंड होत नसे. हा दोष तीन देशांतील वादातून पुढे आला, आणि १ जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या नव्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात काही प्रमाणात दूर झाला. बिनकराने जाणाऱ्या मोटारीचा ४० ते ४५ टक्के भाग ताशी किमान १६ डॉलर मजुरी देणाऱ्या कारखान्यांत तयार झालेला असावा, अशी अट घालण्यात आली. एखाद्या कारखान्यात कामगारांस संघटनेचा हक्क नाकारला गेला तर त्वरित चौकशी करण्याची व्यवस्थाही झाली. तिच्या आधारे मेक्सिकोतील सिलाओ येथील मोटार कारखान्याच्या कामगारांनी २०२१ साली मतदानाने जुना करारनामा फेटाळला आणि २०२२ साली आपल्या पसंतीची स्वतंत्र संघटना निवडली. हा नवा करार अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांत दोन्ही पक्षांच्या मोठ्या बहुमताने संमत झाला. म्हणजे कामगाराचे हित करारात लिहिले की मतभेदाची धार कमी होते, असा अनुभव आला.

मक्याचा प्रश्न मात्र मिटला नाही. भाकरीच्या पिठासाठी जनुकीय बदल केलेला मका वापरण्यास मेक्सिकोने २०२३ साली मनाई केली, तेव्हा अमेरिकेने या नव्या कराराखाली दाद मागितली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लवादाने मेक्सिकोविरुद्ध निर्णय दिला. २०२५ साली मेक्सिकोने घटनेत दुरुस्ती करून अशा मक्याची लागवड देशात निषिद्ध केली. एकदा सही केली की आपल्या अन्नाविषयीचा निर्णयही काही अंशी परक्या लवादापुढे जातो, हे यातून दिसते.

आपल्याकडील अनुभव

आता आपल्या देशाकडे वळू. आग्नेय आशियातील ‘आसियान’ देशांशी भारताचा वस्तुव्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. केरळात मिरी, रबर व नारळ उत्पादकांनी त्यास कसून विरोध केला होता. या करारात भारताने काही मालास ‘विशेष’ ठरविले. मिरीवरील कर शेकडा ७० वरून ५० पर्यंत, चहा व कॉफीवरील १०० वरून ४५ पर्यंत आणि कच्च्या पामतेलावरील ८० वरून ३७.५ पर्यंत, असा तो सुमारे दहा वर्षांत उतरवावयाचा होता. तो शून्य करावयाचा नव्हता. परंतु ही झाली वरची मर्यादा. त्याहून कमी कर लावण्यास सरकार मोकळे असते, आणि शहरात तेल महागले की तो कमी केला जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवर शेकडा २० मूळ आयात कर बसविण्यात आला, आणि मे २०२५ अखेर तो निम्मा करण्यात आला. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. मेक्सिकोच्या मक्याशी याचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईलच.

दुसरे उदाहरण दुधाचे. आशिया-पॅसिफिकमधील सोळा देशांच्या व्यापक व्यापारी करारात सामील व्हावयाचे की नाही, यावर आपल्याकडे कित्येक वर्षे चर्चा झाली. दूध उत्पादकांच्या सहकारी संस्था व शेतकरी संघटना यांचे म्हणणे असे की, न्यूझीलंडची दूध भुकटी बिनकराने आली तर दोन-चार जनावरांवर प्रपंच चालविणारा उत्पादक टिकणार नाही. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने या करारात सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. काही अर्थशास्त्रज्ञांस हा निर्णय चुकीचा वाटला. त्यामुळे निर्यातीच्या संधी गेल्या, असे त्यांचे मत आहे. मतभेद येथेही आहे, आणि तो असणे लोकशाहीत स्वाभाविक आहे. कॅनडाने दूध करारातून वगळले होते हे मागे सांगितलेच आहे. भारतानेही २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी सही केलेल्या करारात दुग्धजन्य पदार्थांस सवलत दिलेली नाही. यावरून करार करणे आणि नाजूक धंदा सांभाळणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, असे दिसते.

करार कसा तपासावा?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने कराराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार करावा, अशी अपेक्षा नाही. मात्र शेतकऱ्यास पुढील गोष्टी शोधून सांगता याव्यात :

१. आपल्या भागातील पीक करराच्या कोणत्या यादीत आहे? कर लगेच जाणाऱ्या, टप्प्याने उतरणाऱ्या, की वगळलेल्या मालाच्या यादीत?

२. टप्पा असेल तर शेवटचे वर्ष कोणते? ते वर्ष शेतकऱ्यांच्या सभेत स्पष्ट सांगावे. कर शून्य झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

३. कोटा असेल तर तो ओलांडल्यावर कर खरोखर घेतला जातो काय? लिहिलेले संरक्षण आणि मिळणारे संरक्षण यांत अंतर असू शकते.

४. मधल्या वर्षांत उत्पादनखर्च कमी करण्यासाठी पाणी, सुधारित बियाणे, साठवण व कर्ज यांपैकी गावात प्रत्यक्ष काय आले? जे आले नाही त्याची मागणी उत्पादक गट व सहकारी संस्थेमार्फत वेळेवर करावी.

५. निर्यातीचा लाभ होणार असेल तर मालाची प्रत, औषधांच्या अंशाची मर्यादा व प्रमाणपत्र यांची तयारी आहे काय? आणि त्या लाभात तोडणी-वेचणी करणाऱ्या मजुराचा वाटा किती?

समारोप

मेक्सिकोच्या उदाहरणाचे सार असे की, कराराचा लाभ एकास होतो आणि तोटा दुसऱ्यास होतो. आणि लाभ घेणाऱ्याने तोटा सोसणाऱ्याची भरपाई करावी अशी व्यवस्था आपोआप होत नाही. ती लिहून घ्यावी लागते आणि लिहिल्यावर पाळून घ्यावी लागते. तेथील लहान शेतकऱ्यास चौदा वर्षे देऊ केली होती. ती त्यास मिळाली नाहीत, कारण ती मोजणारे त्याच्या गावात कोणी नव्हते. बांध घातला तरी पावसाळ्यापूर्वी तो पाहून घ्यावा लागतो, हे शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. व्यापारी कराराच्या बांधाचीही तशीच देखरेख आपल्या गावात झाली पाहिजे, आणि ते काम ग्रामपातळीवरील कार्यकर्ता व शेतकरी यांनी मिळूनच करावयाचे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. परदेशी माल क्विंटलला २,००० रुपयांस पडत असून आपला खर्च २,५०० रुपये असल्यास किमान शेकडा किती करावर आपला माल टिकेल? खर्च २,२०० वर आणल्यास किती?

२. मेक्सिकोत मक्याचे उत्पादन वाढूनही शेतीतील माणसे कमी का झाली?

३. आपल्या गावातील कोणत्या मालाची परदेशी मालाशी स्पर्धा आहे, आणि कोणता माल परदेशी जाऊ शकेल?